जुन्या वॉलपेपर-कापडाच्या कंपनीचा शेअर घ्यायचा तर मी काय काय पाहतो

माझं पडदे आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे, भंडारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, मागच्या खोलीत दोन शिलाई मशीन. दोन वर्षांमागे नागपूरच्या एक बाई पडदे शिवायला कापड घेऊन आल्या, कापड त्यांच्या मुलीनं लंडनहून पाठवलेलं. गडद निळ्या जमिनीवर पानंफुलं आणि मधे समोरासमोर पक्षी, चोचीत स्ट्रॉबेरी. टेबलावर पसरवलं तर काठावर, म्हणजे विणीच्या किनारीला, कंपनीचं नाव आणि डिझाइनचं नाव छापलेलं, आणि बाजूला प्रत्येक रंगाचा एक एक गोल ठिपका. दोन पन्हे जोडताना पक्ष्याचं डोकं पक्ष्याच्याच डोक्याला यायला पाहिजे, त्यासाठी किती कापड वाया जातं ते शिवणाऱ्यालाच ठाऊक. आता गंमत म्हणजे जवळजवळ तसंच डिझाइन माझ्या दुकानात सुरतेच्या कापडात पडून होतं, पाव किमतीतही कोणी विचारत नव्हतं. आणि बाई म्हणाल्या, "भाऊ, किनारीवरचं नाव कापू नका, आत दुमडून घ्या."

तिथून माझ्या डोक्यात बसलं की हे कापड बनवतं कोण, आणि त्या कंपनीचा शेअर आपल्याला घेता येतो का. येतो. पण घ्यायच्या आधी काय पाहायचं हे शिकायला मला वर्ष गेलं, आता आमच्याकडचे दोघंतिघं विचारून राहिले म्हणून सगळं एकदा लिहून काढतो.

आधी माझी चूक सांगतो म्हणजे मी एवढा खोलात काहून जातो ते कळेल. काही वर्षांमागे मी आपल्याच देशातल्या एका जुन्या कापड कंपनीचे शेअर घेतले होते, नाव नाही लिहीत. कारण एकच, माझ्या वडिलांच्या लग्नाच्या पँटचं कापड त्या कंपनीचं होतं. ताळेबंद उघडूनसुद्धा पाहिला नाही. ६० हजारांचे २१ हजार झाले तेव्हा विकले. जुनं नाव म्हणजे पक्का धंदा असं नसतं बाप्पा, आपल्या नागपूरकरांना हे कोणी सांगायला पाहिजे का? एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, त्या काळातली नावाजलेली मिल, आज त्या जागेवर गांधीसागर तलावाजवळ मॉल उभा आहे. तिकडे मुंबईत बॉम्बे डाइंग, १८७९ ची कंपनी, तिनं २०२३ मध्ये वरळीची जमीन ५,२०० कोटींना विकायचा सौदा केला. म्हणजे जुन्या कापड कंपनीत कधी कधी कापडापेक्षा खालची जमीन महाग असते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा की या कंपनीजवळ विकण्यासारखं खरं काय आहे.

आता त्या पक्ष्यांच्या कापडाची कंपनी. लंडनच्या बाजारात सँडरसन डिझाइन ग्रुप नावानं लिस्ट आहे, टिकर म्हणजे बाजारातलं छोटं नाव एसडीजी. २०२० पर्यंत हिचं नाव वॉकर ग्रीनबँक होतं, म्हणून जुने रिपोर्ट शोधाल तर त्या नावानं शोधा. आर्थर सँडरसननं १८६० मध्ये धंदा सुरू केला, आणि ते पक्ष्यांचं डिझाइन काढणारा इंग्रज कलाकार विल्यम मॉरिस, त्याची कंपनी १८६१ ची. मॉरिसची कंपनी १९४० मध्ये बंद पडली आणि तिचा वॉलपेपरचा वारसा सँडरसनकडे गेला. २००३ मध्ये वॉकर ग्रीनबँकनं सँडरसन घेतली, २०१६ मध्ये क्लार्क अँड क्लार्क. शिवाय झोफानी, हार्लेक्विन हे ब्रँडपण यांचेच. छपाईचे कारखाने दोन, वॉलपेपरचा लफबरोला आणि कापडाचा लँकेस्टरला.

आपल्या भागाशी याचं एक जुनं नातं आहे, वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं थांबलो. १८७५ च्या सुमारास मॉरिस रंगाई शिकायला लीक नावाच्या गावी थॉमस वॉर्डल नावाच्या रंगाऱ्याकडे गेला, नीळ, मंजिष्ठ या जातीचे मुळापानांचे रंग. हा वॉर्डल म्हणजे भारतातल्या टसर रेशमाच्या मागे लागलेला माणूस, त्यावर रंग कसा चढवायचा यात त्यानं वर्षं घालवली. टसर म्हणजे आपला कोसा, ऐन-अर्जुनाच्या झाडावर ढीवर लोक पाळतात तोच, आंधळगावच्या मागावर विणतात तोच. निळ्या जमिनीवरच्या त्या पक्ष्यांची रीत अशी होती की आधी पूर्ण कापड निळीत बुडवायचं, मग नक्षीच्या जागेचा निळा रंग उडवायचा आणि मग त्या पांढऱ्या जागेत लाल, पिवळा भरायचा. ते डिझाइन १८८३ चं. बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या चोरणारे कस्तुर पक्षी पाहून मॉरिसनं काढलेलं.

बरं, इथंच शेअरवाल्याला पहिली गोष्ट समजून घ्यायची आहे. मॉरिस १८९६ मध्ये वारला. ब्रिटनमध्ये कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, म्हणजे ही डिझाइन्स कधीच मोकळी झाली. सुरतेचा माणूस छापतो ते काही चोरून नाही. मग कंपनीजवळ काय आहे? एक म्हणजे मॉरिस अँड कंपनी हे नाव, ट्रेडमार्क. दुसरं म्हणजे जुनं भांडार, मूळ कागद, लाकडी ठोकळे, रंगांच्या नोंदवह्या. आणि तिसरं म्हणजे ते नाव किनारीवर छापलेलं असलं की चौपट पैसे देणारं गिऱ्हाईक. ताळेबंदात या सगळ्याची किंमत लावणं फार कठीण असतं, म्हणून मी ती तिथं शोधतच नाही, मी पाहतो की त्या नावाचे पैसे दरवर्षी किती येतात.

ते पाहायला वार्षिक रिपोर्टमधे विक्रीची फोड असते ती उघडा. रिपोर्ट कंपनीच्या साइटवर फुकट मिळतो. कंपनीचं वर्ष ३१ जानेवारीला संपतं, साधारण एप्रिल-मे मध्ये वर्षाचा निकाल येतो आणि ऑक्टोबरात सहामाहीचा. कमाई तीन वाटांनी येते. ब्रँडचं कापड-वॉलपेपर विकून, कारखान्यात दुसऱ्यांचा माल छापून, आणि लायसन्सनं. लायसन्स म्हणजे आपल्याकडे शेत मक्त्यानं देतात ना, अगदी तेच. नाव आणि डिझाइन माझं, बनव तू, विक तू, मला माझा मक्ता दे. २०१८ मध्ये एच अँड एमनं मॉरिसच्या डिझाइनचे कपडे काढले ते असंच. यात कंपनीला ना कापड घ्यावं लागतं ना शाई, त्यामुळे लायसन्सचा जवळजवळ सगळा पैसा नफ्यातच जातो. विक्रीत लायसन्सचा वाटा लहान दिसतो पण नफ्यात तोच मोठा, हे मी स्वतः आकडे मांडले तेव्हा कळलं, नुसती विक्री पाहणाऱ्याला कळत नाही.

पण यात एक खाच आहे आणि ती नीट समजून घ्या. करार होताना समोरचा कमीत कमी एवढे देईनच असं कबूल करतो, आणि हिशेबाच्या नियमानं ती कबूल केलेली रक्कम बरीचशी सही झाली त्याच वर्षी उत्पन्नात धरता येते, पैसा मात्र पुढच्या तीनचार वर्षांत हप्त्यानं येतो. म्हणजे तुम्ही शेत तीन वर्षांसाठी मक्त्यानं दिलं, तिन्ही वर्षांचे पैसे यंदाच्या वहीत लिहिले, आणि हातात फक्त या पाडव्याचे आले. खोटं काही नाही, पण पुढच्या वर्षी नवीन मक्तेदार नाही मिळाला तर वहीत एकदम खड्डा दिसतो. म्हणून नफ्यासोबत कॅश फ्लोचं, म्हणजे खरी रोकड किती आली-गेली त्याचं पान उघडायचंच, आणि रिपोर्टमधे आधीच धरलेलं लायसन्स उत्पन्न वेगळं लिहिलेलं असतं तो आकडा काढून ठेवायचा.

आता कारखान्याची बाजू, इथं माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षात यांची विक्री सुमारे ११ कोटी २० लाख पाउंड होती, पुढच्या वर्षी १० कोटी ८६ लाख, त्यापुढच्या म्हणजे जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात १० कोटी ४ लाख. शेवटच्या वर्षात विक्री पडली साडेसात टक्के. आणि नफा, कंपनी जो मुख्य आकडा सांगते तो, करापूर्वीचा, १ कोटी २२ लाखांवरून ४४ लाखांवर. विक्री साडेसात टक्के आणि नफा चौसष्ट टक्के. काहून? तर राइस मिल पाहा. धान येवो न येवो विजेचा डिमांड चार्ज लागतो, मिस्त्री-ऑपरेटरचा पगार लागतो, बँकेचा हप्ता लागतो. भरडाई थोडी कमी झाली की जो वरचा पैसा होता तोच आधी जातो. छपाईचा कारखाना असाच आहे, खर्च जागेवर बसलेला, विक्रीचं शेवटचं टोक तेच नफा. हेच उलटंही चालतं, धंदा वर आला की नफा विक्रीपेक्षा कितीतरी वेगानं वाढतो. त्यामुळे असा शेअर घेणारा माणूस मुळात विक्री वर जाईल की खाली यावर पैसे लावून राहिला हे त्याला माहीत पाहिजे.

विक्री खाली काहून आली हेही पाहावं लागतं. माणूस वॉलपेपर कधी लावतो? घर घेतलं, बदललं, लग्न झालं तेव्हा. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला ०.१ टक्का होता, ऑगस्ट २०२३ पर्यंत ५.२५ झाला. गृहकर्ज महाग, घरांचे सौदे मंद, पडदेवाला बसून. माझ्या दुकानात धानाचे पैसे आणि बोनस लांबला की पडद्याची ऑर्डर लांबते, तेच तिकडे व्याजदरानं होतं. अमेरिका ही त्यांची मोठी बाजारपेठ, तिथं २०२५ मध्ये ब्रिटनच्या मालावर १० टक्के आयात शुल्क बसलं तेही ध्यानात ठेवा. आणि निसर्ग तर आहेच, डिसेंबर २०१५ च्या वादळात लँकेस्टरचा कारखाना पुरात गेला होता, विमा होता म्हणून सावरले. एकाच जागी छापणारी कंपनी असेल तर विम्याचं पान वाचा.

माल किती पडून आहे हे तर कापडवाल्याला वेगळं सांगायला नको. प्रत्येक नवीन कलेक्शनचे सॅम्पल बुक छापावे लागतात, प्रत्येक रंगाचा थोडा थोडा स्टॉक ठेवावा लागतो, आणि नाही चाललं तर तो स्टॉक मेला. ताळेबंदातला स्टॉकचा आकडा चारपाच वर्षांचा एकाखाली एक लिहा, विक्री उतरत असताना स्टॉक चढत असेल तर मला तिथं भीती वाटते. तसंच पेन्शन. ब्रिटनच्या जुन्या कंपन्यांनी जुन्या कामगारांना ठरलेलं पेन्शन कबूल केलेलं असतं, त्यात तूट आली की कंपनी आपल्या खिशातून भरते. यांच्या रिपोर्टमधेही हे कलम येतं, आपल्याकडच्या शेअरमधे सहसा दिसत नाही म्हणून नवीन माणूस ते पान उलटवून पुढं जातो. आणि हातातली रोकड, कर्ज वजा करून. ती वर्षावर्ष कमी होत असेल तर डिव्हिडंडवर जीव ठेवू नका. नफा पडला त्या वर्षी यांनी डिव्हिडंड कापलाच.

एकटी कंपनी पाहून निर्णय घेऊ नका, जोडीला दुसरी पाहा. लंडनलाच कोलफॅक्स ग्रुप लिस्ट आहे, कोलफॅक्स अँड फाउलर, मान्युएल कानोवास हे यांचे ब्रँड, त्यांचाही धंदा भारी कापड आणि वॉलपेपरचा, पण स्वतःचे छपाई कारखाने नाहीत, माल बाहेरून बनवून घेतात. आणि उरलेल्या पैशातून वर्षानुवर्षं स्वतःचेच शेअर परत घेत आले, त्यामुळे शेअरची संख्या घटत गेली, जो टिकून राहिला त्याचा हिस्सा आपोआप वाढत गेला. दोघींचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा, कारखाना असलेली आणि नसलेली यातला फरक दहा व्हिडिओ पाहून कळणार नाही तेवढा एका रात्रीत कळतो. माझ्या मते कारखाना असणं वाईट नाही, रंगाची पक्की जाण त्यातूनच राहते, पण मग भाव तेवढा स्वस्त पाहिजे.

भावाचं गणित करताना माझा भाचा फसला होता ते सांगतो. त्यानं मोबाइलवर भाव पाहिला आणि म्हणे, "मामा, पन्नास पाउंड म्हणजे लय महाग आहे ना." अरे पन्नास पाउंड नाही, पन्नास पेन्स. लंडनचे भाव पेन्समधे दाखवतात, १०० पेन्सचा एक पाउंड. यांचे शेअर साधारण ७ कोटींच्या वर आहेत, म्हणजे समजा भाव ५० पेन्स असेल तर पूर्ण कंपनी साडेतीन कोटी पाउंडांच्या थोडी वर. तो आकडा विक्रीशी, रोकडीशी, स्टॉक-इमारतीच्या किमतीशी आणि बऱ्या वर्षाच्या नफ्याशी लावून पाहायचा, फक्त चांगल्या वर्षाशी नाही तर पाच वर्षांच्या सरासरीशी. ताळेबंदातली संपत्ती वजा सगळं देणं जेवढं उरतं त्यापेक्षा कंपनी कमी भावात मिळत असेल तर जुनं नाव आणि भांडार जवळजवळ फुकटात आलं असं मी समजतो, आणि तेव्हाच हात घालतो.

आता घ्यायचा कसा. या दोन्ही कंपन्या लंडनच्या एम (AIM) नावाच्या लहान बाजारात आहेत, १९९५ मध्ये लहान कंपन्यांसाठी सुरू झालेला. आपल्याकडचे बरेच ॲप फक्त अमेरिकेचे शेअर देतात, त्यामुळे खातं उघडायच्या आधी ब्रोकरला लेखी विचारा की लंडनचा एम बाजार मिळतो का. पैसा रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या योजनेतून जातो, वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा, आपल्याला कधी पुरून उरेल. बँकेत पॅन आणि ए-टू फॉर्म लागतो. आमच्या शाखेत हे काम कोणालाच ठाऊक नव्हतं, दोन चकरा झाल्या, शेवटी जिल्ह्याच्या शाखेतून झालं, तेव्हा वेळ काढून जा. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो रिटर्नमधे परत मिळतो पण तोवर अडकतो. पाठवलेला पैसा १८० दिवसांत गुंतवला नाही तर परत आणावा लागतो. माझे पहिल्यांदा ४० हजार पाठवताना चार्जेस, चलनाचा फरक आणि दलाली मिळून १,९०० च्या जवळपास गेले, म्हणून पाच-पाच हजार पाठवण्यात अर्थ नाही, साठवून एकदाच पाठवा. ब्रिटनमध्ये शेअर घेताना अर्धा टक्का स्टॅम्प ड्युटी असते, पण एमच्या शेअरला ती २०१४ पासून नाही, तेवढं बरं.

ऑर्डर टाकताना घाई नको. लहान शेअर, दिवसाला सौदे थोडे, घेणाऱ्याचा भाव ४८ आणि विकणाऱ्याचा ५१ असं अंतर असतं, मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावात घे अशी, टाकली तर घेतल्या क्षणी सहा टक्के आत. लिमिट ऑर्डर टाकायची, म्हणजे यापेक्षा जास्त भाव देणार नाही अशी, नाही मिळाला तर उद्या.

टॅक्सचं मात्र कान देऊन वाचा, यात आपल्याकडचे लोक अडकू शकतात. बाहेरचा एक जरी शेअर असला तरी आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ चालत नाही, २ किंवा ३ भरावा लागतो आणि त्यात शेड्यूल एफए म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात तो शेअर दाखवावा लागतो, तोही जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचा. मास्तर लोक दरवर्षी आयटीआर-१ भरतात, त्यांनी सीएला आधीच सांगून ठेवावं. आणि ज्याचं सगळं उत्पन्न शेतीचं, जो रिटर्न भरतच नाही, त्यालासुद्धा बाहेरचा शेअर आला की रिटर्न भरणं बंधनकारक होतं. नाही दाखवलं तर ब्लॅक मनी कायद्यात १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला त्या दंडातून सूट दिली आहे, तरी दाखवायचं ते दाखवायचंच. दोन वर्षांच्या वर ठेवून विकला तर नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकला तर आपल्या स्लॅबनं. डिव्हिडंडवर तिकडे काही कापत नाहीत, इकडे स्लॅबनं भरावा लागतो.

किती लावायचे म्हणाल तर मी माझ्या शेअरच्या पैशातले शंभरातले पाच लावले, पेरणीचा, मुलीच्या फीचा, दुकानाच्या खरेदीचा पैसा वेगळा. एकदम नाही घेतले, निकाल वाचून एकदा आणि पुढचा निकाल वाचून एकदा.

विकायचं कधी हेही मी घेतानाच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. लायसन्सची हातात आलेली रोकड सलग दोन वर्षं उतरली तर, किंवा कर्ज काढून डिव्हिडंड द्यायला लागले तर, किंवा कंपनीनं ते जुनं नावच कोणाला विकून टाकलं तर. त्या पानाला मी बाईंच्या पडद्यातून उरलेली किनारीची पट्टी पिन लावून ठेवली, त्यांना विचारून, नाव आणि रंगाचे सगळे ठिपके आहेत तिच्यावर. ऑक्टोबरचा निकाल आला की ते पान उघडायचं आणि तिन्ही गोष्टींपुढे हो किंवा नाही लिहायचं.